आरके३९ पॉझिटिव्ह म्हणजे काळा आजारच? नाही हो
टेस्टच्या स्ट्रिपवर दोन रेषा आल्या की काळा आजार (वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा परजीवींचा आजार, म्हणजे कालाआजार) पक्का आणि एकच आली की सुटलो, हे इतकी वर्षं फिरतंय की आता लोकांना ते खरंच वाटतं. दोन्ही अर्धवट आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन करतात ती आरके३९ टेस्ट परजीवी शोधतच नाही, ती शोधते अँटिबॉडी (परजीवीशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं), आणि अँटिबॉडी बरं झाल्यावरही कित्येक महिने, कधी कधी काही वर्षं रक्तात राहतात. त्यामुळे आधी हा आजार होऊन गेलेल्या माणसाला परत ताप आला तर ती दुसरी रेषा जुनी की नवी हे काही कळत नाही. साथीच्या भागात तर धडधाकट माणसंही पॉझिटिव्ह येतात. म्हणूनच दोन आठवड्यांहून जास्त ताप आणि वाढलेली प्लीहा (पोटातली पाणथरी) असेल तरच त्या पॉझिटिव्हला वजन.

उलट बाजूही बघा, एचआयव्ही असलेल्यांत अँटिबॉडी कमी बनतात, टेस्ट निगेटिव्ह येते आणि आजार आतच. पूर्व आफ्रिकेतही ही टेस्ट भारतापेक्षा जास्त केसेस चुकवते.

शंका उरली की मग अस्थिमज्जा किंवा प्लीहेतून सुईने नमुना घेऊन गिम्सा स्टेन करून (म्हणजे परजीवी दिसावेत म्हणून नमुन्याला रंग देऊन) मायक्रोस्कोपखाली परजीवी शोधायचे, पेशीच्या आत बारीक गोल ठिपके, प्रत्येकात एक केंद्रक आणि शेजारी छोटी गडद काडी. प्लीहेच्या नमुन्यात ते जास्त सापडतात, पण रक्तस्रावाचा धोका असतो (प्लेटलेट्स आधीच कमी असतात ना), म्हणून बरेच डॉक्टर अस्थिमज्जाच पसंत करतात, आणि तिथे मात्र निगेटिव्ह आलं तरी आजार नाही असं छातीठोक म्हणता येत नाही.