संसद सदस्यांचे वेतन

राष्ट्रीय कायदेमंडळाच्या सदस्यांना त्यांच्या कामाबद्दल सरकारी तिजोरीतून नियमितपणे दिली जाणारी रक्कम. ती किती असावी हा वाद जुना आहे आणि आकड्यांबरोबरच त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत : सभागृहात बसणे कोणाला परवडावे, आणि स्वतःच्या वेतनाचा निर्णय सदस्यांनी स्वतःच घ्यावा काय. यांपैकी पहिल्याचे उत्तर इतिहासाने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसरा अजून सुटलेला नाही.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये परगण्यांच्या प्रतिनिधींना दिवसाला 4 शिलिंग व नगरांच्या प्रतिनिधींना 2 शिलिंग मिळत आणि हा खर्च ज्या त्या मतदारसंघाने सोसायचा असे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही प्रथा बंद पडली. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ ब्रिटिश सदस्य बिनपगारी राहिले, आणि 1858 पर्यंत सदस्यत्वासाठी मालमत्तेची अटही होती. ब्रिटिश कामगारांच्या मताधिकारासाठीच्या चार्टिस्ट चळवळीने 1838 मध्ये काढलेल्या सनदेतील सहा मागण्यांपैकी सदस्यांना वेतन ही एक होती. कारागीर किंवा मजूर निवडून आला, तरी रोजगार बुडवून तो राजधानीत राहणार कसा, हा त्यामागचा साधा सवाल होता. पुढे कामगार संघटना आपल्या निधीतून मजूर पक्षाच्या सदस्यांचा खर्च चालवू लागल्या; परंतु ऑस्बर्न खटल्यातील 1909 च्या निकालाने संघटनांचा पैसा अशा राजकीय कामासाठी वापरणे बेकायदा ठरले. हा आधार तुटल्यावर 1911 मध्ये वर्षाला 400 पौंड वेतन सुरू झाले. जर्मन साम्राज्याच्या 1871 च्या राज्यघटनेने तर राइखस्टाग या तेथील संसदेच्या सदस्यांना वेतन घेण्यास मनाईच केली होती आणि ती 1906 पर्यंत टिकली. वेतन नाकारणे हा गरिबांना सभागृहाबाहेर ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

तरीही ज्यांच्यासाठी वेतनाची मागणी झाली, त्यांच्याच मनात त्याबद्दल अढी बसल्याचे अनेकदा दिसते. फ्रान्समध्ये 1848 च्या क्रांतीनंतर प्रतिनिधींना दिवसाला 25 फ्रँक मिळू लागले. डिसेंबर 1851 मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, तेव्हा पॅरिसच्या कामगार वस्तीत अडथळे उभारून प्रतिकार करणाऱ्या आल्फाँस बोदँ या प्रतिनिधीला, तुमच्या 25 फ्रँकांसाठी आम्ही का मरावे, असे कामगारांनी सुनावल्याचे सांगितले जाते. 25 फ्रँकांसाठी माणूस कसा मरतो ते आता पाहा, असे उत्तर देऊन तो अडथळ्यावर चढला आणि सैनिकांच्या गोळीने ठार झाला.

अमेरिकेत हा रोष मतपेटीतून व्यक्त झाला. 1816 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, दिवसाला 6 डॉलरच्या भत्त्याऐवजी वर्षाला 1,500 डॉलर वेतन ठरवले. पुढच्या निवडणुकीत अनेक सदस्यांना घरी बसावे लागले आणि तो कायदा रद्द झाला. 1873 मध्ये वेतन 5,000 वरून 7,500 डॉलर करताना ते पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले गेले, तेव्हाही तेच घडले व पुढच्याच वर्षी वाढ मागे घ्यावी लागली. वेतनातील बदल पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये, ही घटनादुरुस्ती 1789 मध्येच मांडली गेली होती. टेक्सासमधील एका विद्यार्थ्याने 1982 मध्ये त्यावर निबंध लिहिला, राज्यांच्या विधिमंडळांना पत्रे पाठवण्याची मोहीम हाती घेतली आणि 1992 मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून राज्यघटनेत आली.

वेतन चांगले असले तर गुणी माणसे येतात व लाचेचा मोह कमी होतो, असे एक बाजू मानते. ते फार वाढले तर प्रतिनिधी मतदारांच्या जगण्यापासून तुटतो, असे दुसरी म्हणते. अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. ब्राझीलच्या नगरपरिषदांत अधिक वेतनाबरोबर उमेदवारांतील स्पर्धा आणि निवडून आलेल्यांचे शिक्षण वाढल्याचे आढळले. युरोपीय संसदेत 2009 पासून सर्व देशांच्या सदस्यांना समान वेतन मिळू लागल्यावर मात्र, ज्यांचे वेतन वाढले त्यांच्यात नामांकित विद्यापीठांतून आलेल्यांचे प्रमाण घटल्याचे दिसले.

लोकक्षोभाच्या भीतीने वेतन गोठवून ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण पैसा मग आडवाटेने येतो. ब्रिटनमध्ये वेतनवाढ वारंवार टाळली गेली आणि तिची भरपाई सैल भत्त्यांतून होत राहिली; 2009 मध्ये या भत्त्यांच्या दाव्यांचा तपशील उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला. त्यानंतर वेतन व खर्च ठरवण्याचे काम एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले. या प्राधिकरणाने 2015 मध्ये वेतन 67,060 वरून 74,000 पौंड केले, तेव्हा प्रमुख पक्षनेत्यांनी विरोध करूनही ती वाढ लागू झाली.

भारतीय राज्यघटनेच्या 106 व्या कलमानुसार खासदारांचे वेतन संसदच कायद्याने ठरवते. 2018 च्या बदलानंतर मासिक वेतन 1,00,000 रुपये झाले आणि दर पाच वर्षांनी ते महागाईच्या निर्देशांकानुसार वाढावे अशी तरतूद झाली. त्याप्रमाणे 1 एप्रिल 2023 पासून ते 1,24,000 रुपये आहे. स्वयंचलित वाढीमुळे दरवेळचा वाद टळतो हे खरे, पण त्याबरोबर सभागृहातील उघड चर्चाही टळते, आणि हा तोटा लहान नाही. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने 1975 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले : सदस्यांनी आपल्या वेतनाचा निर्णय जनतेसमोर, स्वतःच्या जबाबदारीवर घेतला पाहिजे. जर्मन संसदेत आता वेतन देशातील सर्वसाधारण वेतनमानाच्या निर्देशांकाला जोडलेले आहे. परंतु नव्याने निवडून आलेल्या प्रत्येक सभागृहाने तीन महिन्यांच्या आत मतदान करून ही पद्धत पुन्हा स्वीकारली, तरच ती पुढे चालू राहते.