परत न येणारा यो-यो: दोरीच्या पहिल्या खेळांची पार्श्वभूमी

नवा अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो खाली फेकला की तो दोरीच्या टोकाशी फिरत राहतो. झटका द्या, ओढा, वर येत नाही. गड्ड्याच्या यात्रेतल्या प्लॅस्टिकच्या यो-योवर हात बसलेल्या सोलापूरकराला तो बिघडलेलाच वाटतो, आणि काही जण पहिल्याच दिवशी माघारी पाठवतात. पण हे परत न येणं हाच त्याचा गुण आहे. खेळणं सुमारे अडीच हजार वर्षांचं, हा गुण मात्र गेल्या पंचवीसेक वर्षांतला. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथेच आहे.

बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. ४४० च्या सुमाराचं एक ग्रीक भांडं आहे, त्यावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. आपल्याकडे बुंदी किंवा कोटा शैलीतल्या, १७७० च्या सुमाराच्या एका लघुचित्रात यो-यो घेतलेली स्त्री दिसते. त्यानंतर वीसेक वर्षांत फ्रान्स-इंग्लंडच्या श्रीमंत घरांत याचं वेड पसरलं. इंग्लंडमध्ये त्याला बँडलोर म्हणत. १८६६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या जेम्स हेवन आणि चार्ल्स हेट्रिक यांनी सुधारित बँडलोरचं पेटंट घेतलं. यो-यो हे फिलिपिन्सच्या शिकाऱ्यांचं शस्त्र होतं, ही गोष्ट सर्रास ऐकायला मिळते; तिला आधार नाही.

बँडलोरची दोरी आसाला पक्की बांधलेली असे. अशा यो-योला खाली थांबताच येत नाही: दोरी संपली की उरलेला वेग तिला उलट्या दिशेने गुंडाळू लागतो आणि तो वर चढतो. खाली-वर, खाली-वर, एवढाच खेळ.

फरक पडला तो फिलिपिन्सच्या दोरीमुळे. इलोकोस नॉर्टे प्रांतातून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे यो-योचा कारखाना काढला. त्यांच्या यो-योत दोरी आसाला बांधलेली नव्हती, फक्त अडकवलेली होती. यातली युक्ती सोलापूरच्या माणसाला फार समजावून सांगावी लागू नये. १८७७ ला जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून हे शहर सुताच्या पिळावर जगत आलंय. एक लांब धागा घ्यायचा, त्याला भरपूर पीळ द्यायचा आणि मधोमध दुमडायचा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळतात आणि दुपदरी दोरी तयार होते. करदोटा वळताना हेच होतं. दुमडीच्या टोकाशी पीळ थोडा उलटा फिरवला की पदर सुटे होऊन फट पडते, त्या फटीतून यो-यो घालायचा, की झाला फास. गाठ कुठेच नाही. म्हणून आस फासात मोकळा फिरतो आणि यो-यो खाली ‘झोपतो’. झटका दिला की क्षणभर दोरी सैल पडते, पिळामुळे आसाला चिकटते, आणि यो-यो वर येतो. आजच्या सगळ्यात महागड्या यो-योची दोरीही अशीच वळलेली असते.

फ्लोरेस यांचा धंदा पुढे डोनाल्ड डंकन यांनी विकत घेतला आणि गावोगाव प्रात्यक्षिकं आणि स्पर्धा घेऊन यो-यो घराघरात पोचवला. १९६५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ‘यो-यो’ हे खेळण्याचं सर्वसाधारण नाव आहे, कुणा एकाची मालकी नाही, असा निकाल दिला. त्याच वर्षी डंकन कंपनीचं दिवाळं निघालं. खेळाच्या दृष्टीने त्यापेक्षा मोठी गोष्ट १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडली होती: फुलपाखरू आकार आला. जुन्या यो-योच्या दोन्ही अर्धगोलांची फुगीर बाजू बाहेर होती. ती आत वळवल्यामुळे मधली खाच बाहेरच्या बाजूला पसरट झाली आणि फिरता यो-यो दोरीवर उतरवायला जागा मिळाली.

जागा मिळाली, वेळ मिळत नव्हता. लाकडी आसावर दोरी घासते. अशा यो-योच्या झोपेचा १९९१ चा विक्रम ५१ सेकंदांचा आहे. एरवी चांगल्या फेकीला दहा-पंधरा सेकंद मिळाले तरी खूप. शिवाय खेळ चालू असताना दोरी चुकून सैल पडली की यो-यो तिथूनच उसळून बोटांच्या सांध्यावर बसे. सान फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी १९७८ मध्ये सुटा करता येणारा लाकडी यो-यो आणला, त्यामुळे आत अडकलेला गुंता आस मोडल्याशिवाय काढता येऊ लागला. १९९० मध्ये त्यांनीच ॲल्युमिनियमच्या यो-योत बॉल बेअरिंग बसवलं. आता दोरी आसावर नव्हे, बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर बसते, घर्षण छर्ऱ्यांकडे जातं, आणि झोप सेकंदांतून मिनिटांत गेली.

तरीही नव्वदच्या दशकातला बेअरिंगचा यो-यो झटक्याला वर येत असे, कारण खाच अरुंद होती आणि दोन्ही भिंतींवर दोरी पकडणारे उंचवटे किंवा चिकट रबरी चकत्या होत्या. खेळाडूंनी हळूहळू ही पकड काढून टाकली. खाच रुंदावली, बेअरिंगमधलं घट्ट तेल धुऊन काढलं, उंचवट्यांच्या जागी भिंतीत पन्हळ कोरून तिच्यात सिलिकॉन भरलं, भिंतीच्या बरोबरीने किंवा किंचित खोल. २००० नंतरच्या काही वर्षांत झटक्याला दादच न देणारा यो-यो रूढ झाला. दोरी मुद्दाम सैल सोडून हवेत फिरवण्याचे खेळ त्यामुळेच शक्य झाले. जुन्या यो-योवर असा प्रयत्न म्हणजे बोटं फोडून घेणं. परत आणण्याचं काम मात्र यंत्राकडून माणसाच्या हाताकडे आलं. त्या हालचालीला बाइंड म्हणतात.

आज मिळणारा असा यो-यो साधारण ५४ ते ५८ मिमी व्यासाचा, ६० ते ७० ग्रॅम वजनाचा असतो. आत बहुधा ‘सी’ मापाचं बेअरिंग: आतला व्यास ६.३५, बाहेरचा १२.७, रुंदी ४.७६ मिमी. याच मापाचं अरुंद बेअरिंगही मिळतं, सुमारे २.८ मिमी रुंदीचं. ते घातलं की खाच आवळते आणि तोच यो-यो परत येऊ लागतो. काही कंपन्या दोन्ही बेअरिंगं एकाच डब्यात देतात. लहान मुलासाठी घेत असाल तर तसाच घ्या.

पहिली अडचण गुंडाळण्यापासूनच. बेअरिंग मोकळं फिरत असल्यामुळे दोरी धरतच नाही, नुसती गरगर फिरते. खाचेवर तर्जनी ठेवून पहिला वेढा बोटावरून घ्या, पुढचे दोन-तीन बोटाखालून, मग बोट काढून उरलेली गुंडाळा. दोरीची लांबी: यो-यो जमिनीवर ठेवून सरळ उभं राहा, दोरी बेंबीपर्यंत यावी. तिथून थोडी वर कापून टोकाला गाठ मारून छोटं वेटोळं करा. ते वेटोळं थेट बोटात घालायचं नाही. त्यातून दोरी ओढून सरकफास करायचा आणि मधल्या बोटाच्या पहिल्या दोन सांध्यांच्या मध्ये बसवायचा.

फेक सरळ नसेल तर पुढचं काहीच जमत नाही. तळवा वर, कोपर खांद्याच्या उंचीला, दंड दाखवतात तसा हात, आणि तिथून सरळ खाली. मनगट आत-बाहेर वळलं की यो-यो कलतो, दोरी एका भिंतीला घासते, वेग जातो. दहापैकी आठ फेकी सरळ येईपर्यंत दुसऱ्या कशाला हात न घालणं बरं.

मग बाइंड. यो-यो फिरत असताना दोरी डाव्या तर्जनीवरून घ्या, उजवा हात पुढून खाली नेत दोरी यो-योच्या समोरच्या बाजूने तळाच्या खाचेत बसवा. आता डाव्या तर्जनीभोवती एक वेटोळं आहे. उजवा हात वर ओढत ते लहान करत आणा, पाचेक सेंटिमीटर उरलं की बोटावरून सोडा. खाचेत दोरीचे पदर एकावर एक चढतात, सिलिकॉनला टेकतात, आणि पकड बसते. बाइंड निसटत असेल तर बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक: दोरी फिरण्याच्या उलट दिशेने आत जाते आहे, यो-योत वेग उरलेला नाही, किंवा सिलिकॉन झिजून गुळगुळीत झालंय. वेटोळं फार मोठं सोडलं तर पकड बसते, पण गाठीसारखी, आणि पुढच्या फेकीला यो-यो अर्ध्यातूनच उसळतो. नवी सिलिकॉनची चकतीही पहिले एक-दोन दिवस अशीच जास्त पकडते. तेवढा काळ तोंड जपा.

ट्रॅपीझ हा खेळ लाकडी यो-योच्या काळापासूनचा, नाव सर्कशीतल्या झोक्याचं. यो-यो बाजूला फेकून अर्धवर्तुळात समोरून डावीकडे येऊ द्यायचा, डाव्या तर्जनीवर दोरी टेकवायची, आणि वळसा घेऊन आलेला यो-यो दोरीवर उतरवायचा. सगळं गणित बोट कुठे टेकतं यात आहे. यो-योपासून पाच-सात सेंटिमीटरवर टेकलं तर वळसा लहान राहतो आणि नेम लागतो. वीस सेंटिमीटरवर टेकलं तर यो-यो कुठेही जातो. दोरी खाचेऐवजी कडेवर आपटत असेल तर फेकीची रेघ शरीराला समांतर नाही. आरशासमोर हे लगेच दिसतं. यात यो-यो सरळ उतरू लागला की दोरीवरून उडवून पुन्हा झेलण्याचे खेळ, ज्यांना एली हॉप्स म्हणतात, आपसूक पुढे येतात.

पिळाकडे नवशिके लक्ष देत नाहीत, खरं तर सगळ्यात आधी तिथेच बघायला हवं. प्रत्येक फेकीने आणि बाइंडने दोरीचा पीळ थोडा बदलतो. तो वाढला की दोरी सैल सोडताच स्वतःभोवती आढी घालते. कमी झाला की पदर फाकतात, फास ढिला पडतो. बोटातला फास काढा, यो-यो हातात धरा, दोरी मोकळी लोंबू द्या. ती स्वतःच फिरून जागेवर येते. दर वीस-पंचवीस फेकींनी एवढं करावं. पूर्वी दोरी सुती असे, आता पॉलिएस्टरची असते, कारण सूत घासून लवकर तुटतं. पण पॉलिएस्टर घाम शोषत नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात दोरी ओल्या बोटाला चिकटते आणि बाइंडचं वेटोळं सुटत नाही. टॉवेल जवळ ठेवा.

आपल्याकडे धूळ आणि यंत्रमागाजवळच्या घरांत तंतू, दोन्ही बेअरिंगमध्ये शिरतात. परत न येणारा यो-यो अचानक परत येऊ लागला तर आधी इथेच बघा. बेअरिंग काढा, टाचणीने बारीक कडी उचलून झाकण काढा, शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच-दहा मिनिटं हलवून पूर्ण वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेलकट अंश असू शकतो; आणि प्लॅस्टिकच्या यो-योला ॲसिटोनचा थेंबही लागू देऊ नका, तो विरघळेल. वाळल्यावर बेअरिंग पेन्सिलीच्या टोकावर अडकवून टिचकी मारा. खडखड आवाज करत काही सेकंद फिरलं तर स्वच्छ आहे. आवाज न करता लगेच थांबलं, तर आत अजून तेल किंवा तंतू आहे, पुन्हा धुवा.