एकांशी करार झाला, दुसऱ्यांशी कधीच नाही

२४ मे २०२० रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात रिओ टिंटो या खाण कंपनीने जुकन घळीतल्या दोन शैलाश्रयांच्या जागी सुरुंग उडवले. त्यातल्या एकात माणसाचा वावर ४६,००० वर्षांपूर्वीपासूनचा होता. आधीच्या उत्खननात तिथे माणसाच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्याचा तुकडा मिळाला होता, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा. त्यातला डीएनए आज हयात असलेल्या पुटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. ज्यांच्या पूर्वजांचे केस तिथे सापडले, तीच माणसं स्फोट थांबवा म्हणून सांगत होती. पण कंपनीच्या हातात २०१३ सालची सरकारी परवानगी होती. स्फोट पूर्णपणे कायदेशीर होता.

त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, ९ जुलै २०२० रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट विरुद्ध ओक्लाहोमा खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला. क्रीक या मूळ रहिवासी जमातीसाठी करारांनी राखलेला प्रदेश संसदेने कधीच रद्द केलेला नाही, त्यामुळे तिथल्या मूळ रहिवाशांवरचे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवण्याचा अधिकार ओक्लाहोमा राज्याला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा प्रदेश सुमारे तीस लाख एकरांचा आहे आणि टल्सा शहराचा मोठा भाग त्यात येतो. न्यायमूर्ती नील गोर्सच यांच्या निकालपत्राचं पहिलंच वाक्य आहे: ‘अश्रूंच्या वाटेच्या दूरच्या टोकाला एक वचन होतं.’ ही वाट म्हणजे मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून पश्चिमेकडे नेलं ती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. दोन्ही समाजांच्या जमिनी इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतींनी घेतल्या, दोघांची मुलं सक्तीच्या शाळांत नि संस्थांत गेली, दोघांनी साथी आणि कत्तली पाहिल्या. मग आज एकाकडे स्वतःचं न्यायालय, पोलीस आणि रुग्णालय आहे, नि दुसऱ्याला आपली गुहाही वाचवता आली नाही, असं का?

उत्तराचं एक टोक अठराव्या शतकात आहे. क्रीक लोक, म्हणजे स्वतःला मस्कोगी म्हणवणारा समाज, आजच्या अलाबामा आणि जॉर्जियातल्या नद्यांकाठी मक्याची शेती करणाऱ्या गावांचा संघ होता. हरणांच्या कातड्यांचा मोठा व्यापार त्यांच्या हातात होता आणि लढाईत त्यांची ताकद युरोपीय सत्तांना जाणवत होती. अशा लोकांशी बोलावंच लागतं. १७९० मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज वॉशिंग्टनच्या सरकारने क्रीक नेते अलेक्झांडर मॅकगिलव्हरे यांच्याशी करार केला. पुढे हे करार एकामागून एक मोडले गेले. १८१४ च्या पराभवानंतर दोन कोटी एकरांहून जास्त जमीन गेली आणि १८३० च्या दशकात लष्कराच्या पहाऱ्यात जवळपास सगळा समाज मिसिसिपीपलीकडे हाकलला गेला. लोचापोका गावच्या लोकांनी जुन्या गावच्या पवित्र अग्नीची राख सोबत नेली आणि १८३६ मध्ये एका ओक वृक्षाखाली नवा अग्नी पेटवला. टल्सा शहराची सुरुवात ती. झाड अजून उभं आहे. मोडलेला करारही कागद म्हणून उरतो आणि दीडशे वर्षांनी न्यायालयात त्याला जीव येऊ शकतो, हे क्रीकांच्या इतिहासातून शिकावं.

ऑस्ट्रेलियात असा कागदच झाला नाही. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या वसाहतवाल्याने आजच्या मेलबर्नजवळ तिथल्या लोकांशी जमिनीचा करार केल्याचा दावा केला (तो करारही फसवाच होता), तेव्हा गव्हर्नर बर्क यांनी जाहीरनामा काढून तो रद्द ठरवला. जमीन राजसत्तेची, तेव्हा तिची देवघेव करायचा मूळ रहिवाशांना हक्कच नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. या लोकांना शेती नाही, गावं नाहीत, सरकार नाही, असं इंग्रजांनी धरून चाललं होतं. त्याच भागात, आजच्या व्हिक्टोरिया राज्यात, बुज बिमच्या ज्वालामुखी खडकांत गुंडिचमारा लोकांनी वामाशांसाठी बांधलेले चर आणि बंधारे आहेत, निदान ६,६०० वर्षांपूर्वीपासूनचे. युनेस्कोने २०१९ मध्ये त्यांना जागतिक वारसा ठरवलं. ‘कुणाचीच नाही’ ही जमिनीबद्दलची समजूत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली ती थेट ३ जून १९९२ रोजी, माबो खटल्यात.

मात्र करार होता म्हणून क्रीकांची लूट टळली, असं मुळीच नाही. १८९८ च्या कर्टिस कायद्याने आणि १९०१ च्या समझोत्याने त्यांची सामायिक जमीन माणशी १६० एकर अशी वाटून टाकली. सारा रेक्टर या मुलीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. क्रीकांनी पूर्वी गुलाम म्हणून ठेवलेल्या काळ्या लोकांना १८६६ च्या करारामुळे नागरिकत्व मिळालं होतं. सारा त्यांच्या वंशातली. तिच्या वाट्याला खडकाळ, निरुपयोगी समजली गेलेली जमीन आली. वर्षाला तीस डॉलर कर परवडेना म्हणून वडिलांनी ती विकायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १९१३ मध्ये त्याच जमिनीतून तेलाचा फवारा उडाला आणि अकरा वर्षांच्या साराला दिवसाला सुमारे तीनशे डॉलर मिळू लागले. लगेच तिच्या पैशांवर गोरा पालक नेमला गेला. असे पालक फक्त मुलांवर नव्हते. आपल्याकडे सातबारावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लागतं आणि मूल सज्ञान झालं की ते निघतं. इथे धडधाकट, संसार केलेल्या माणसांच्या मागेही ते आयुष्यभर लागत असे. कित्येकांची जमीन या पालकांनीच गिळली.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्येही हाच प्रकार चालला होता. तिथे १८९७ च्या कायद्याने ‘संरक्षक’ नेमले गेले. गुरांच्या मळ्यांवर राबणाऱ्या मूळ रहिवाशांची मजुरी त्यांच्या हाती न देता सरकारी खात्यांत ठेवली जाई आणि स्वतःच्या कमाईतून कपडे घ्यायलाही संरक्षकाकडे हात पसरावा लागे. या बुडालेल्या मजुरीपोटी २०१९ मध्ये क्वीन्सलंड सरकारने १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं. तोवर किती कामगार हयात राहिले होते, याचा विचार केला तरी जीव तुटतो.

खरी फारकत झाली ती १९७० च्या दशकात. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून जमातींच्या सरकारांना केंद्राच्या आरोग्य, शिक्षण वगैरे योजना निधीसकट स्वतः चालवायची मुभा दिली. क्रीकांनी १९७९ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली. १९८८ नंतर जुगारगृहांचा रीतसर महसूल सुरू झाला. आज टल्सात नदीकाठी त्यांचं मोठं कॅसिनो-हॉटेल आहे, ओकमल्गी गावात २००४ पासून त्यांचं महाविद्यालय आहे, आणि २०२१ मध्ये त्यांनी टल्सातलं एक बंद पडलेलं कर्करोग रुग्णालय विकत घेऊन आपल्या आरोग्यसेवेत जोडलं. ऑस्ट्रेलियानेही पावलं टाकली. १९७६ च्या कायद्याने नॉर्दर्न टेरिटरीत जमिनी परत दिल्या, १९९० मध्ये मूळ रहिवाशांनी निवडलेलं राष्ट्रीय मंडळही आलं. पण ते मंडळ संसदेच्या कायद्याने जन्मलं होतं आणि २००५ मध्ये संसदेनेच ते मोडीत काढलं. माबोनंतर मूळ रहिवाशांना मिळालेल्या जमिनीच्या हक्कातही बहुतेक ठिकाणी खाणीला नकार द्यायचा अधिकार नाही, फक्त वाटाघाटीचा आहे. खंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक जमिनीवर असा हक्क मान्य झालाय, पण ती गहाण टाकून धंदा उभारता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हा फरक मोजायचा प्रयत्न केला आहे. हार्वर्ड विद्यापीठात स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ कॅल्ट यांनी १९८७ मध्ये अमेरिकी जमातींच्या अर्थव्यवस्थेवर प्रकल्प सुरू केला. खनिजं किंवा शिक्षण यांच्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व दोन गोष्टींना असल्याचं त्यांना दिसलं: निर्णय खरोखर जमातीच्या हातात असणं, आणि कारभाराची घडी त्या लोकांच्या स्वतःच्या राजकीय रीतीला धरून असणं. ख्रिश्चन डिपेल यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पूर्वी स्वतंत्र राहणाऱ्या टोळ्या सरकारने जिथे एकाच राखीव क्षेत्रात कोंबल्या, तिथलं उत्पन्न दीड शतकानंतरही सुमारे ३० टक्क्यांनी कमी आहे. हे वाचताना मला ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस्ती मिशनच्या आणि सरकारी वसाहती आठवतात. तिथेही वेगवेगळ्या भाषांच्या नि कुळांच्या लोकांना गुरांसारखं एकत्र आणून बसवलं होतं.

याहून बोलके दोन अभ्यास मुलांबद्दलचे आहेत. पहिला नॉर्थ कॅरोलायनातला, क्रीकांच्या जुन्या शेजाऱ्यांचा, म्हणजे चेरोकींचा. जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३ पासून तिथल्या १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवत होते. त्यातली चौथा हिस्सा मुलं मूळ रहिवाशांची. मध्येच जमातीने कॅसिनो काढला आणि नफ्यातला वाटा प्रत्येक सदस्याला रोख, बिनशर्त मिळू लागला. कोणी ठरवून न केलेला प्रयोगच घडला. जी घरं गरिबीतून वर आली, त्यांतल्या मुलांची भांडखोर, बेशिस्त वागणूक कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरली. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही.

दुसरा अभ्यास नॉर्दर्न टेरिटरीतला आणि दिशा बरोबर उलटी. २००७ मध्ये केंद्र सरकारने तिथल्या ७३ वस्त्यांत ‘हस्तक्षेप’ जाहीर केला, त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला आणि लोकांच्या सरकारी भत्त्यातली निम्मी रक्कम फक्त अन्नासारख्या गरजांवर, ठरावीक दुकानांतच खर्च करायची सक्ती केली. हेतू सांगितला होता मुलांच्या भल्याचा. ही सक्ती वस्तीमागून वस्ती अशी टप्प्याटप्प्याने आल्यामुळे संशोधकांना तुलना करता आली: जिथे ती पोचली होती तिथली गर्भवतींची बाळं आणि जिथे अजून पोचायची होती तिथली. सक्तीच्या काळात पोटात असलेल्या बाळांचं सरासरी जन्मवजन शंभर ग्रॅमच्या आसपास घटलेलं निघालं. दारूवर पैसा जाऊ नये म्हणून आखलेल्या योजनेत आईच्या हातातला पैसाच अडखळला. एकीकडे स्वतःच्या सरकारने विश्वासाने दिलेली रोकड, दुसरीकडे परक्या सरकारने अविश्वासाने बांधलेला भत्ता. माझ्या मते या दोन समाजांमधलं अंतर मोजायला यापेक्षा नेमकी पट्टी मिळणार नाही.

पण इथे घाईने क्रीकांना विजयी ठरवू नये, कारण आयुर्मानाचे आकडे वेगळंच सांगतात. २०२०–२२ च्या काळासाठी ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ७१.९ वर्षं आणि स्त्रियांचं ७५.६ वर्षं होतं. बाकीच्या देशापेक्षा आठ-नऊ वर्षांनी कमी, ही शरमेची गोष्ट आहेच. पण अमेरिकेतल्या सगळ्या मूळ जमातींचं मिळून आयुर्मान २०१९ मध्ये ७१.८ होतं, ते २०२१ मध्ये ६५.२ वर घसरलं. कोविडने तिथे हाहाकार केला. ऑस्ट्रेलियात मात्र साथीच्या पहिल्या वर्षी मूळ रहिवाशांमधला संसर्ग उरलेल्या देशापेक्षा कमी होता. त्यामागे १९८४ पासूनची सर्वांसाठीची सार्वजनिक आरोग्यसेवा होती, आणि तितकीच महत्त्वाची म्हणजे लोकांनी स्वतः चालवलेली दवाखान्यांची साखळी, जिची सुरुवात १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात झाली. दुर्गम वस्त्या वेळेत बंद करण्याचा आग्रह या संस्थांनीच धरला. म्हणजे मूळ रहिवाशांना सार्वभौमत्व नसलेल्या देशातही, जिथे निर्णय लोकांच्या हाती आला तिथे फळ दिसलं. आणि सार्वभौमत्व असूनही केंद्राने आरोग्याला पैसा कमी दिला तर माणसं मरतात.

आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. ऑस्ट्रेलियात जनगणनेत जो स्वतःला मूळ रहिवासी सांगतो तो धरला जातो. २०१६ मध्ये ही संख्या ६,४९,१७१ होती, २०२१ मध्ये ८,१२,७२८. पाच वर्षांत २५ टक्के! यातली निम्म्याहून कमी वाढ जन्मांमुळे. उरलेली मुख्यतः पूर्वी ओळख न सांगणारे आता सांगू लागल्यामुळे. नव्याने नोंदवणारे बरेचदा शहरातले आणि बऱ्या स्थितीतले असतील, तर सरासरी उत्पन्न वाढलेलं दिसेल आणि वाळवंटातल्या वस्तीत काहीच बदललेलं नसेल. क्रीक राष्ट्राचं नागरिकत्व याउलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी याद्यांवर ठरतं: पूर्वजाचं नाव त्यात हवं. त्यातही १९७९ च्या घटनेने साराच्या वंशासारख्या काळ्या नागरिकांना बाहेर काढलं होतं. जमातीच्याच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते १८६६ च्या कराराविरुद्ध असल्याचं सांगून त्यांच्या बाजूने निकाल दिला. गरिबी मोजण्याआधी माणूस कुणी मोजला, हे विचारायलाच लागतं.

ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात, मूळ रहिवाशांना संसदेपुढे नुसता सल्ला देणारा मंच द्यायलाही सुमारे ६० टक्क्यांनी नकार दिला. त्यानंतर राज्यांच्या वाटा फुटल्या. क्वीन्सलंडने करारासाठीचा आपला कायदा २०२४ मध्ये रद्द केला. व्हिक्टोरियाने २०२५ मध्ये देशातला पहिला करार कायद्याने मान्य केला आणि मूळ रहिवाशांच्या निवडून आलेल्या सभेला कायमचं स्थान दिलं. एकाच देशात, एकाच आरोग्यव्यवस्थेखाली, एका राज्यात करार आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती यापूर्वी कधीच नव्हती. दोन्हीकडच्या जन्मवजनाच्या, शाळेतल्या हजेरीच्या आणि तुरुंगातल्या नोंदी आतापासून नीट ठेवायला हव्यात, आणि त्या ठेवणाऱ्यांत त्या समाजातली माणसं हवीत.