६८ उजळण्या की ३८?

परीक्षा जवळ आल्या की सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. पोरं एकच धडा चार-चार वेळा वाचतात, हायलायटरने ओळी रंगवतात आणि आठवड्याने विचारलं तर म्हणतात, 'वाचलं होतं, पण आठवत नाही.' कष्टात कसूर नसते. पद्धत चुकते, आणि ती चुकते हे १८८५ सालापासून माहीत असूनही मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या वर्षी हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. शब्दांची आधीची ओळख आड येऊ नये म्हणून त्याने अर्थ नसलेल्या सुमारे २३०० अक्षरजुळण्या तयार केल्या, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि तीच यादी काही काळाने पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते मोजलं. २० मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसर पडतो तो मुख्यतः पहिल्या काही तासांत; पुढची गळती संथ असते. याहून मोलाची नोंद वेगळीच आहे. १२ जुळण्यांची यादी एका दिवसात ६८ वेळा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जेवढी सोपी गेली, तेवढीच ती आधीच्या तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावर गेली. मेहनत जवळपास निम्मी!

हे वाचताना दिवेलागणीचा परवचा आठवतो. पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. रोज थोडं, तेही पुस्तक मिटून. अर्थ न कळता घोकणं व्यर्थच, पण घोकंपट्टी म्हणून परवचा मोडीत काढताना त्यातली रोजची आठवण काढायची सवयही आपण टाकून दिली.

आठवून पाहण्याचं बळ किती, हे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्केच आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. अभ्यासिकेतली फसगत नेमकी हीच: पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच आपण येणं समजतो.

उजळण्यांमधलं अंतर आणि न बघता आठवणं यांची सांगड १९७२ साली जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर याने एका खोक्यात घातली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे. १९८७ चं सुपरमेमो आणि २००६ पासूनचं मोफत अँकी हे याच तत्त्वाचे संगणकी अवतार.

मागावर विणायला शिकणाऱ्याला असलं खोकं लागत नाही. धागा तुटला की चूक तिथल्या तिथे दिसते, गाठ मारूनच पुढे जावं लागतं. पुस्तकी शिक्षणात ही झटपट पावती मिळत नाही. शिवाय सोलापुरात भाषेचाही पेच आहे: शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांना हाच पेच पडला. मुलं घरी कन्नड बोलणारी आणि पुस्तकं त्यांच्या भाषेत नाहीत. त्यांनी पुस्तकांचा मुलांच्या भाषेत अनुवाद केला आणि पानांवर क्यूआर कोड दिले, ज्यातून कविता आणि धडे ऐकता-पाहता येत. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. गौरव मोठा होताच. मला त्याहून मोठी वाटते ती साधी सोय: शाळेत न कळलेली कविता मुलगी संध्याकाळी घरी, घरच्या भाषेत, पुन्हा ऐकू शकत होती.