कॉलेज बंद पडलं म्हणून डिग्री बाद होत नाही

"प्रायव्हेट टेक्निकल कॉलेज बंद पडलं की तिथली जुनी डिग्री बाद" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, वाचून टेन्शन येणं साहजिक आहे. पण आधी सर्टिफिकेट काढा आणि बघा, वर नाव कुणाचंय? कॉलेज युनिव्हर्सिटीला जोडलेलं असेल तर डिग्री युनिव्हर्सिटीची, कॉलेज फक्त शिकवायचं, त्यामुळे रिझल्टचं रेकॉर्डही युनिव्हर्सिटीकडेच असतं. कॉलेज स्वतःच डिप्लोमा देत असेल तर मात्र एवढंच बघायचं की तुम्ही तिथे शिकत होतात तेव्हा त्याला मान्यता होती का, नंतर गेली तरी आधीचं सहसा पुसलं जात नाही. मान्यता नव्हतीच, तर तो कागद कॉलेज चालू असतानाही कच्चाच होता. जुनं रेकॉर्ड कुणाकडे सोपवलंय ते मान्यता देणाऱ्या ऑफिसात विचारा, सीट नंबर आणि पासिंगचं वर्ष हाताशी ठेवा.