एका केसावरून खुनी सापडतो?

मालिकांमधलं ठरलेलं दृश्य: साहेब चिमट्याने केस उचलतात, पिशवीत टाकतात, पुढच्या भागात आरोपी गजाआड. (खरं तर केस आधी कागदात, वैद्याच्या पुडीसारखा घडी घालून ठेवतात.) केस म्हणजे जणू बोटाचा ठसाच! तसं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली रंग, जाडी, मधला मज्जेचा, म्हणजे केसाच्या गाभ्याचा, पट्टा दिसतो. त्यावरून ‘याचा असू शकतो’ एवढंच म्हणता येतं, ‘याचाच’ नाही.

वॉशिंग्टनमध्ये १९७८ साली एका टॅक्सीचालकाचा खून झाला. जवळच सापडलेल्या स्टॉकिंगच्या (लांब पायमोज्याच्या) मुखवट्यात १३ केस होते. त्यातला एक संशयिताशी जुळतो, असं एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, तज्ज्ञाने सांगितलं. त्या तरुणाची सुमारे २८ वर्षं तुरुंगात गेली. पुढे डीएनए तपासला, तर एकही केस त्याचा नव्हता. एक तर चक्क कुत्र्याचा! २०१५ मध्ये एफबीआयनेच मान्य केलं, की केसांबद्दलच्या तपासलेल्या साक्षींपैकी किमान ९० टक्क्यांत चुकीची विधानं होती.

डीएनएचंही सोपं नाही. उपटलेल्या केसाच्या मुळाशी माणूस ओळखता येईल असा डीएनए असलेल्या पेशी असतात, आपोआप गळालेल्याला बहुधा नसतात. मग नेहमीच्या तपासणीत उरतो आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए, आणि तो सख्ख्या भावंडांचा सहसा सारखाच. मावशीचाही.

केसांसारख्याच पुरावा म्हणून उचलल्या जाणाऱ्या कपड्यांच्या धाग्यांचं म्हणाल, तर पांढरा सुती धागा कुणाच्या अंगावर नसतो?