मोबाइल सिग्नल बूस्टर (घरगुती)

बाहेरची कमजोर रेंज पकडून, वाढवून घरात सोडणारं यंत्र. तांत्रिक नाव रिपीटर. भाग तीन: गच्चीवर टॉवरकडे रोखलेला अँटेना, मधला अ‍ॅम्प्लिफायर आणि घरातला छोटा अँटेना. जोडणीला कोअ‍ॅक्सियल केबल. यात आरजी-५८ जातीची बारीक केबल घेतली, तर ९०० मेगाहर्ट्झला ती मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजण्याचं माप) खाते. २० मीटरनंतर सिग्नलचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मुंबईच्या पावसात गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तेवढंही नाही.

खरी अडचण दोन अँटेनांमधल्या आडोशाची, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरू न देणाऱ्या अडथळ्याची. तो यंत्राच्या गेनपेक्षा (सिग्नल वाढवण्याच्या ताकदीपेक्षा) निदान १५ डेसिबलने जास्त हवा, म्हणजे ६५ डेसिबलच्या यंत्राला ८०. एक अँटेना खिडकीच्या ग्रिलला, दुसरा हॉलमध्ये, ही वन-बीएचकेतली मांडणी इथेच फसते. स्पीकरसमोर माइक धरल्यावर जशी शिट्टी वाजते, तसं यंत्र स्वतःचंच ऐकून ओरडू लागतं. तो गोंगाट टॉवरपर्यंत पोचतो आणि आसपासच्या इमारतींतले कॉल तुटतात.

त्यामुळे भारतात परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणालाही बूस्टर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट बजावलं. ऑनलाइन सहज मिळतो, हा बचाव नव्हे.

आधी दुखणं ओळखावं. अँड्रॉइड फोनच्या ‘सिम स्टेटस’मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो; तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. ४जीवर खिडकीत उणे ९० आणि आतल्या खोलीत उणे ११५ असेल तर दोष भिंतींचा; दोन्हीकडे उणे ११५ असेल तर टॉवरच लांब किंवा आड आहे. उंच इमारतीच्या चाळिसाव्या मजल्यावर वेगळाच प्रकार: कंपन्यांचे अँटेना खाली झुकवलेले, फोनला मात्र दूरदूरचे टॉवर एकदम ऐकू येतात. दांड्या भरलेल्या, तरी बोलणं तुटतं. तिथे बूस्टर गोंधळच वाढवील.

दोष भिंतींचा असेल तर सोपा इलाज वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून कॉल: फोन आणि कंपनी दोघांची सोय हवी, मग सेटिंगमध्ये ते सुरू करून राउटर आतल्या खोलीच्या जवळ ठेवावा. वीज गेली की राउटर बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस. टॉवरचा दोष असेल तर १९८ वर तक्रार करून क्रमांक जपून ठेवावा. लिफ्ट आणि तळघरातल्या पार्किंगसाठी सोसायटीनेच कंपनीकडून इमारतीतली अँटेना-यंत्रणा मागावी. वाय-फायवरचा कॉल लिफ्टच्या दारातच सुटतो.